पानापक्कडीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तहाचे कागद उभे राहतात. आज मी ज्या हत्यारांचा इतिहास सांगणार आहे, ती तलवारीइतकी देखणी नाहीत. ती तेलकट असतात. मोटारीच्या बाकाखाली फाटक्या पोत्यात गुंडाळून पडलेली असतात, आणि गरज पडेपर्यंत घरात कुणाला त्यांची आठवण होत नाही. पाना, पक्कड, जॅक, टॉमी आणि ग्रीसगन ही ती हत्यारे. मोटारीची घरच्या घरी निगा राखताना यांनी माणसाचा वेळ कसा वाचवला, आणि तो वाचवण्यामागे किती लोकांची अक्कल खर्ची पडली, ते आज पाहू.

आधी स्वतःवर गुदरलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या वडिलांच्या छातीत दुखू लागले. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही वडूजहून साताऱ्याची वाट धरली. पुसेगाव मागे पडले आणि मागचे चाक बसले. स्टेपनी होती, जॅक होता, पानाही होता. पण पाना नटापेक्षा किंचित मोठा. आधी कुणीतरी तोच पाना लावून, वर पाय देऊन नट आवळले होते, त्यामुळे नटांचे कोपरे झिजले होते. मी जोर करावा, पाना गरकन फिरावा आणि नट जागचा हलू नये, असे चालले. पाऊण तास गेला. अखेर एक मालट्रकवाला थांबला. त्याच्या पेटीत निरनिराळ्या मापांचे पाने होते. त्याने बरोबर बसणारा पाना निवडला, दांड्यात हातभर पाइप घातला आणि दहा मिनिटांत चाक बदलून दिले. पैसे घेतले नाहीत. जाताना एवढेच म्हणाला, "मास्तर, गाडीत पाना असून भागत नाही. त्या नटाचा पाना पाहिजे." वडील त्या दुखण्यातून उठले, म्हणून ही गोष्ट आज मला शांतपणे सांगता येते.

'त्या नटाचा पाना' हे त्याचे शब्द माझ्या मनातून गेले नाहीत. नटाचे माप ठरवले कुणी? एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टवर बसतो, हे मुळात घडले कसे? जरा मागे जाऊन पाहिले पाहिजे.

आपल्या खटाव-माण भागात दळणवळणाचे खरे वाहन म्हणजे बैलगाडी. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला पूर्वी माणसे गाड्या जुंपूनच यावयाची. या गाडीला नट नाही, बोल्ट नाही. चाकावर लोखंडी धाव चढवायची ती कशी, हे जुन्या माणसांनी पाहिले असेल. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतो आणि थंडीने आकुंचन पावतो, हा पाठ शाळेच्या पुस्तकात येण्याआधी लोहाराच्या अंगणात चालू होता. शिक्षकबंधूंनी तो पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

गाडीवाल्याजवळ मात्र स्वतःचे हत्यार जवळपास नसेच. वंगणाचे तेल, चिंध्या आणि दोरी एवढा त्याचा सरंजाम. आरा मोडला की सुताराकडे जायचे, धाव ढिली झाली की लोहाराकडे. दोघे गावचे बलुतेदार. त्यांची मजुरी सुगीला धान्याच्या रूपाने जायची. कारागीर उत्तम होते, पण प्रत्येक चाक त्या त्या गाडीपुरते घडवलेले असे. शेजाऱ्याचे चाक आपल्या आसाला बेतशीर बसेलच याची खात्री नाही. म्हणून दुरुस्ती म्हणजे नवे घडवणेच. त्यात दिवस मोडायचा, कधी दोन मोडायचे. कामाची घाई तेव्हाही होती, पण एक मोडका भाग काढून तसाच दुसरा चढवावा, ही सोय त्या पद्धतीत नव्हती.

ही सोय मळसूत्राने आणली. स्क्रू आणि नट-बोल्ट यांच्यावर जी गोल फिरत जाणारी चर असते तिला आपल्याकडे मळसूत्र म्हणतात; गॅरेजमध्ये तिलाच 'आटे' म्हणतात. युरोपात यंत्रे वाढली, पण प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. एका कारखान्याचा नट हरवला की दुसऱ्याकडचा चालत नसे. इंग्लंडातील मँचेस्टरचे एक कुशल कारखानदार जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली, आणि १८४१ साली सुचवले की आट्यांचा कोन सर्वांनी ५५ अंशांचा धरावा आणि अमुक जाडीच्या बोल्टला इंचामागे अमुकच आटे असावेत. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांच्या कोनाची पद्धत मांडली. ही वरवर किरकोळ दिसणारी गोष्ट. पण पान्याचा सगळा उपयोग याच करारावर उभा आहे. नटांची मापे ठरलेली नसती, तर जगातला प्रत्येक पाना एकाच यंत्राचा गुलाम राहिला असता.

आता १८८८ हे साल ध्यानात ठेवा. मोटारीच्या आणि हत्यारांच्या इतिहासात या एका सालात चार गोष्टी घडल्या. एक जर्मनीत, एक आयर्लंडात, एक स्वीडनमध्ये आणि चौथी आपल्या मराठी माणसाच्या हातून बेळगावात.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी तीनचाकी मोटार बनवली होती, पण लोकांचा तिच्यावर विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी नेली. अंतर शंभरावर किलोमीटर, म्हणजे साधारण वडूजहून साताऱ्याला जाऊन परत यावे एवढे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या लांब टाचणीने साफ केली. तारेवरचे आवरण झिजले, तिथे मोज्याच्या पट्ट्याचा तुकडा गुंडाळला. साखळीसाठी लोहार गाठला आणि ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यांना चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. इंधन संपले ते औषधाच्या दुकानात विकत घेतले. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातली दुरुस्ती एका बाईने केली, आणि ती घरातल्या वस्तूंनी केली. 'बायकांना यातले काय कळते' असे आपल्याकडे अजून म्हणणारे आहेत, त्यांनी ही हकिकत ऐकून ठेवावी.

दुसरी गोष्ट बेलफास्टची. जॉन बॉइड डनलॉप हे धंद्याने गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडबडीत रस्त्यावर धक्के बसतात म्हणून त्यांनी चाकावर हवेने भरलेली रबरी नळी चढवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. त्यांच्याआधी रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली अशीच कल्पना मांडली होती, पण ती तेव्हा रुजली नाही. डनलॉपच्या टायरने प्रवास सुखाचा झाला आणि त्याबरोबर पंक्चर नावाचे दुखणेही जन्माला आले.

तिसरी गोष्ट स्वीडनची. योहान पेटर योहान्सन नावाचा एक कारागीर यंत्रदुरुस्तीच्या कामावर जाताना पान्यांचे मोठे ओझे वाहून कंटाळला होता. त्याने १८८८ साली पाइप पकडण्याच्या पान्याचे पेटंट घेतले, आणि १८९२ साली मळसूत्र फिरवून तोंड लहानमोठे करता येणाऱ्या पान्याचे. आपल्याकडे त्याला 'स्क्रू पाना' म्हणतात. एका पान्यात अनेक पाने सामावले.

आणि चौथी गोष्ट किर्लोस्करांची. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या बेळगावच्या सायकलींच्या दुकानापासून, म्हणजे १८८८ सालापासून, किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात धरतात. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नसत, म्हणून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले. सायकली विकता-दुरुस्त करता त्यांचा हात यंत्रावर बसला. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर बनवला. तेव्हा लोखंडाने जमिनीला विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा त्यांच्या मदतीला आला तो आपल्याच मुलखातला राजा. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंग आणि सापांनी भरलेली ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

औंध आपल्या खटाव तालुक्यातच, वडूजपासून जवळ. म्हणून मला हा इतिहास घरचा वाटतो. आपल्या शेतकऱ्याच्या घरात पहिला पाना शिरला तो मोटारीबरोबर नव्हे. तो लोखंडी नांगर, चरक आणि पुढे विहिरीवरचे इंजिन यांच्याबरोबर आला. ज्याने इंजिनाचे नट आवळले होते, त्याला पुढे जीपचे किंवा ट्रॅक्टरचे नट परके वाटले नाहीत.

मोटारीने सुरुवातीला माणसाचा किती वेळ खाल्ला, याची आज कल्पना येणार नाही. गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला, तेव्हा हा जाच संपण्याची सुरुवात झाली. आपल्याकडे मात्र मालमोटारींना आणि जीपगाड्यांना हँडल पुढेही पुष्कळ वर्षे होते.

पंक्चरवर तोड निघाली ती वेल्समध्ये. लॅनेली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंचा कारखाना होता. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक येत नसे. रस्त्यात बसून टायर सोडवून ट्यूब जोडावी लागे. या बंधूंनी १९०४ च्या सुमारास वरून चढवता येणारे जादा चाक काढले आणि त्याला रस्त्याचेच नाव दिले. ते चाक आज कुठे दिसत नाही, पण 'स्टेपनी' हा शब्द वडूजच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी पक्का बसला आहे. दूरच्या एका गल्लीचे नाव आपण रोज घेतो, आणि ते गल्लीचे नाव आहे हे आपल्याला ठाऊक नसते!

जॅकचा वंश त्याहून जुना. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. लहान दट्ट्यावर थोडा जोर दिला, तर मोठ्या दट्ट्यावर मोठा जोर मिळतो. या तत्त्वावर जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस बनवला आणि १८५१ साली अमेरिकेत रिचर्ड डजन यांनी उचलून नेता येईल असा जॅक काढला. आज आपण 'बाटली जॅक' म्हणतो तो याच कुळातला. पाण्याच्या जागी तेल आले, एवढाच फरक.

ग्रीसगनची गोष्ट तशीच. जुन्या गाड्यांत ठिकठिकाणी लहान वाट्या असत. त्यांत हाताने ग्रीस भरून एकेक झाकण पिळायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या आर्थर गुलबोर्ग यांनी दाबाने ग्रीस आत घालणारी बंदूक बनवली. १९२९ साली ऑस्कर झर्क यांचे लहान निपलचे पेटंट झाले आणि बंदुकीचे तोंड त्यावर चटकन बसू लागले. बैलगाडीचे वंगण आणि जीपचे ग्रीस यांचे काम एकच. फक्त वाट सोपी झाली.

आता मापांचा घोळ सांगतो, कारण माझे त्या रात्रीचे पाऊण तास तिथेच गेले. इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावर जो आकडा असे, तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असे. 'अर्धा इंच' लिहिलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात पाऊण इंचाहून मोठे भरे. अमेरिकन पान्यावर नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर लिहिलेले. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचा सुटा भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसेना, तेव्हा अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी १९४८ साली आट्यांची सामाईक पद्धत मान्य केली. आपल्याकडे जीप आली ती इंचाचे नट घेऊन, फिएट आली ती मिलिमीटरचे. आपल्या सरकारने १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा केला, १९८३ साली आलेली मारुती मिलिमीटरची होती, आणि हळूहळू गॅरेजमधला इंच मागे पडत गेला. पण पेट्यांतले जुने पाने गेले नाहीत.

शिक्षकांनी हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवावे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना लावला तर ०.३ मिलिमीटर फट राहते. पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर केला की नटाचे कोपरे खातो. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे एकोणिसाचा पाना जवळपास नेमका बसतो. तीन दशांश मिलिमीटर म्हणजे किती? जाडसर कागदाच्या दोन-तीन घड्या. एवढ्या फटीने माणूस रात्री रस्त्यावर अडकू शकतो.

तेव्हा घरच्या पेटीत काय असावे? फार नको. गाडीच्या मापाचे दुतोंडी पाने आणि रिंग पाने असावेत. दुतोंडी पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपरे धरतो. म्हणून घट्ट नट आधी रिंग पान्याने सैल करावा आणि मग दुतोंडीने भरभर काढावा. अडचणीच्या जागी गोटी पाना आणि रॅचेट कामाला येतात. रॅचेटचा दांडा मागेपुढे हलवला तरी नट एकाच दिशेला फिरतो, दरवेळी पाना काढून लावावा लागत नाही. चाकासाठी फुलीच्या आकाराचा चार तोंडांचा पाना ठेवावा, त्याला दोन्ही हातांनी जोर देता येतो. पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रू ड्रायव्हर, हवा मोजण्याचे गेज, विजेरी आणि मागच्या चाकाला लावायला एक लाकडी ठोकळा, बस्स. स्क्रू पाना सोबत असावा, पण तो अडीनडीचा गडी. रोजच्या कामाला त्याला जुंपू नये, कारण त्याचे तोंड जोराखाली थोडे सैल होते.

चाक बदलण्याचा क्रमही इतिहासाने शिकवलेला आहे. हँडब्रेक ओढून समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळा लावावा. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. चाक अधांतरी असले की ते नटाबरोबर फिरू लागते. मग जॅक लावावा. नवे चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळावेत, आणि थोडे अंतर गेल्यावर एकदा तपासावेत. नट घट्ट असेल तर दांडा लांब करावा. दांड्याची लांबी दुप्पट केली की निम्म्या जोरात काम होते. ही तरफ आपण मोटेच्या विहिरीवर पहारीने दगड हलवताना वापरलेलीच आहे. सोडवताना पाइप चालेल, आवळताना मात्र नको, नाहीतर पुढच्याची तीच गत होईल जी माझी झाली. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. वेळ वाचवायला गेलेला माणूस तिथे जीव गमावतो.

सर्वांत मोठी बचत कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती हत्यार जागच्या जागी ठेवण्यात आहे. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण ज्याने केली त्याने दहाचा पाना शोधताना हैराण झालेला माणूस नक्की पाहिला असता, तर हसला असता! पेटीत प्रत्येक पान्याला जागा असावी आणि काम संपल्यावर तो पुसून तिथेच जावा.

आजच्या गाड्यांत संगणक आले आहेत. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना बिघाड वाचण्यासाठी एकाच नमुन्याचे जोडतोंड बसवणे सक्तीचे झाले, पुढे आपल्याकडेही ते आले. लहानसे यंत्र तिथे लावले की बिघाडाचा आकडा दिसतो. कुणी म्हणेल, आता पानापक्कडीचे दिवस गेले. मला तसे वाटत नाही. हे सामाईक जोडतोंड म्हणजे व्हिटवर्थच्या विचाराचाच नवा अवतार आहे. निरनिराळे कारखाने एका मापावर आले, म्हणूनच वडूजचा कारागीर कोरिया-जपानच्या गाडीचे दुखणे ओळखू शकतो. आणि यंत्राने आकडा दाखवला तरी नट फिरवायला हात लागतोच.

त्या हाताविषयी एक शब्द बोलून थांबतो. शिकलेल्या माणसाने पाना धरू नये, हे काम 'त्यांचे', अशी एक समजूत आपल्यात बलुतेदारीपासून चालत आली. ती आपल्याला महाग पडली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मास्तर होते आणि त्यांचे हात तेलकट होते. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षणाची सरकारी योजना आली, १९६१ साली उमेदवारांचा कायदा झाला, तरी गॅरेजमधले पुष्कळ उत्तम कारागीर अजून उस्तादाच्या हाताखालीच तयार होतात, आणि त्यांना कागदावर काही मान नसतो. गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आपली खटाव-खानापूरची माणसे जत्रेला मोटारी घेऊन गावी येतात, तेव्हा त्या गाड्या पुन्हा मार्गाला लागतात त्या याच कारागिरांमुळे.

आता घरी जाऊन एक काम करा. उन्हाच्या वेळी, घाई नसताना, आपल्या गाडीची स्टेपनी उतरवा आणि एकदा चढवून पाहा. घरातल्या मुलांना, मुलींना आणि त्यांच्या आईलाही हात लावू द्या. पाना बसतो की नाही ते त्या दिवशी कळू द्या. मला ते रात्री, पुसेगावच्या पुढे, वडील मागच्या बाकावर असताना कळले.